कुजक्या लाकडावरील अळिंबीत वाढणारे पतंग : इंदूर परिसरातील निरीक्षणे आणि चर्चा

निशापतंग (रेसिडेन्सी परिसर, इंदूर)

पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या शहरातील जुन्या आंब्यांच्या, गुलमोहरांच्या आणि बाभळींच्या वठलेल्या खोडांवर देठ नसलेली, आडवी वाढणारी, कडक अळिंबी दिसू लागते. तिचे एखादे जुने फळ उलटे करून पाहिले, तर खालच्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांमधून तपकिरी भुगा बाहेर आलेला आणि तो बारीक रेशमी धाग्यांनी एकमेकांत गुंतलेला पुष्कळदा आढळतो. पाहणारा त्याला वाळवी किंवा भुंग्याची कीड समजून पुढे जातो. परंतु भुग्यात रेशीम मिसळलेले असेल, तर आत पतंगाची अळी राहत असण्याची शक्यता बरीच असते. या चर्चेचा विषय हेच लहान पतंग आहेत. त्यांच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे आणि आपल्या शहरात ते पाहण्यासाठी कोणत्याही अभयारण्यात जावे लागत नाही, म्हणून हा चर्चेचा धागा सुरू करीत आहे.

फुलपाखरे आणि पतंग यांच्या सुमारे १,६०,००० जाती आज ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक सर्वांच्या अळ्या जिवंत, हिरव्या वनस्पतींवर जगतात. पाने, कळ्या, फळे, मुळे, बिया यांपैकी काहीतरी त्यांना लागतेच. टिनिइडी हे कूळ मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे. त्यात दोन हजारांहून अधिक जाती असून त्यांच्या अळ्या प्रामुख्याने बुरशी, अळिंबी, कुजके लाकूड, दगडफूल, पक्ष्यांच्या घरट्यांतील पिसे व केस अशा पदार्थांवर वाढतात. हिरवे पान खाणारी अळी या कुळात क्वचितच सापडते.

अळिंबीच का, असा प्रश्न सहज पडतो. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. त्यात नायट्रोजन अत्यल्प असतो आणि लिग्निन पचवणे प्राण्यांना जवळजवळ अशक्य असते. ते काम बुरशी करते. तिचे तंतू लाकडात खोलवर शिरतात, विकरे सोडून लिग्निनचे विघटन करतात आणि खोडभर विखुरलेला थोडाथोडा नायट्रोजन गोळा करून स्वतःच्या देहात साठवतात. म्हणून अळिंबीचा एक घास लाकडाच्या तेवढ्याच घासापेक्षा कितीतरी अधिक पौष्टिक असतो. काही जातींच्या अळ्या थेट अळिंबी पोखरतात, तर काही सालीखाली राहून बुरशीने मऊ झालेले लाकूड बुरशीसकट खातात.

प्रौढ पतंग साधा दिसतो, पण एकदा ओळखता आला की विसरत नाही. पसरलेल्या पंखांची रुंदी बहुधा १ ते २ सेंटिमीटर, डोक्यावर ताठ उभ्या राहिलेल्या विस्कटलेल्या केसांसारख्या खवल्यांचा झुबका, सोंड आखूड किंवा जवळजवळ नसलेली, मागच्या पंखांना लांब केसांची झालर आणि बसताना पंख उतरत्या छपरासारखे मिटलेले. त्याला हात लावायला गेलो, तर तो उडण्याऐवजी चपळाईने धावतो आणि सालीच्या भेगेत शिरतो. ही धावण्याची सवय मला ओळखीसाठी रंगापेक्षाही अधिक भरवशाची वाटते.

आपल्यापैकी कोणी असे काही पाहिले असेल, तर झाड कोणते, अळिंबी कशी आणि महिना कोणता, हे येथे अवश्य नोंदवावे.

शेवंती (सुदामानगर)

निशापतंगजी, विषय अतिशय आवडला. माझ्या दोन शंका आहेत. लोकरी शाली आणि जुने स्वेटर कुरतडणारी जी बारीक कसर असते, तिचा या पतंगांशी काही संबंध आहे का? आणि दुसरे म्हणजे आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी, चपटी, राखाडी पिशवी हळूहळू सरकताना दिसते. सासूबाई तिला जाळ्याचा किडा म्हणतात. ती याच वर्गातील आहे का?

निशापतंग

शेवंतीताई, दोन्ही शंकांचे उत्तर होकारार्थी आहे.

लोकरीची कसर म्हणजे टिनिओला बिसेलिएला आणि टिनिआ पेलिओनेला या दोन पतंगांच्या अळ्या, आणि हे दोन्ही टिनिइडी कुळातीलच आहेत. लोकर, केस, पिसे आणि शिंगे ज्या केराटिनाची बनलेली असतात, ते पचवू शकणारे प्राणी जगात फार कमी आहेत. या अळ्या त्यांपैकी आहेत. कुळाचा मूळ आहार बुरशी आणि कुजका कचरा हा असावा आणि पक्ष्यांची घरटी, प्राण्यांच्या गुहा अशा ठिकाणी बुरशीबरोबर पिसे व केसही उपलब्ध असल्यामुळे काही शाखा पुढे केराटिनाकडे वळल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. मानवाने लोकर विणायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी हे पतंग घरट्यांत सुखाने नांदत होते. आपल्या कपाटात त्यांना घरट्यासारखेच अंधारे, निवांत आणि लोकरीने भरलेले ठिकाण मिळाले.

भिंतीवरची पिशवी फेरिओका या प्रजातीच्या अळीची असते. ती स्वतःच्या रेशमात धूळ, वाळूचे कण आणि कापसाचे तंतू गुंफून ती पिशवी तयार करते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते आणि अळी आतल्या आत वळून कोणत्याही टोकातून डोके बाहेर काढू शकते. कोळ्यांची जुनी जाळी, मेलेले कीटक आणि गळलेले केस हे तिचे खाद्य. सासूबाईंनी दिलेले नाव तिच्या आहाराला धरूनच आहे. तिच्यापासून माणसाला अपाय नाही. भिंतीचा ओलावा कमी झाला आणि जाळी वेळच्या वेळी काढली की ती आपोआप दिसेनाशी होते.

मात्र अळिंबीत राहणारे पतंग आणि शालीतील कसर या वेगळ्या जाती आहेत, हे आवर्जून सांगतो. बागेतील ओंडक्यावरून येऊन ते कपाटात शिरत नाहीत.

जुनावाडा (राजवाड्याजवळ)

आमचा वाडा सागवानी तुळयांचा आहे आणि माडीच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात तुळईवर पांढरट अळिंबी धरते. आपले लिखाण वाचून काळजी वाटली. ही अळी तुळईत शिरली तर लाकूड पोखरून टाकेल का? कीटकनाशक फवारावे का?

माळवेकर

मी इमारती लाकडाच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून उत्तर देतो. सुक्या, निरोगी सागवानाला या पतंगाच्या अळीकडून धोका नाही, कारण तसे लाकूड तिला खाताच येत नाही. तिला आधी बुरशीने ते मऊ करून द्यावे लागते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल, तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, आणि बुरशी नसेल तर हे पतंगही येत नाहीत.

आपल्या कोपऱ्यात अळिंबी धरते याचा अर्थ तेथे वर्षानुवर्षे पाणी मुरते आहे. कौले सरकली असतील, पन्हळीचा सांधा फुटला असेल किंवा भिंतीतून ओल चढत असेल. तुळईचे टोक भिंतीत जेथे गाडलेले असते, ते ठिकाण सर्वांत आधी तपासावे. टोच्या घेऊन तेथे दाबून पाहावे. तो सहज आत गेला, तर तेवढा भाग कुजला आहे असे समजावे आणि जाणत्या सुताराला दाखवून घ्यावे. फवारणीने दिसणारी अळिंबी आठवडाभर मरेल, पण गळती तशीच राहिली तर तुळई वाचणार नाही. वाड्यांच्या बाबतीत लोक किड्यांच्या मागे लागतात आणि छपराकडे बघत नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

घुणकिडा आणि वाळवी यांचे प्रकरण वेगळे आहे. घुणकिडा सुक्या लाकडातही राहतो आणि त्याची गोल, स्वच्छ छिद्रे व पिठासारखा भुगा सहज ओळखू येतो. वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते. या दोहोंत रेशमाचा धागा नसतो.

जुनावाडा

माळवेकरकाका, मनःपूर्वक आभार. छपरावर माणूस चढवून पाहिले. पन्हळीचा सांधा खरोखरच सुटला होता. दुरुस्ती लावली आहे.

आंबराई

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. आमच्या वसाहतीच्या बागेत गुलमोहराच्या बुंध्याशी तांबूस, वार्निश लावल्यासारखी चकचकीत अळिंबी आली आणि दोन पावसाळ्यांत झाड उन्मळून पडले. शेजारचे झाडही आता वठू लागले आहे. अशा परिस्थितीत कुजके लाकूड आणि अळिंबी बागेत जपून ठेवा असे म्हणणे जोखमीचे नाही का? पतंगांविषयी मलाही आस्था आहे, पण उभी झाडे गमावून ती कशी जपायची?

निशापतंग

आंबराईताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर सरसकट देता येणार नाही.

आपण वर्णन केलेली अळिंबी गॅनोडर्मा असावी. ती मृत लाकडावर जगते, पण जिवंत झाडांच्या मुळांतही शिरते आणि एकमेकांना टेकलेल्या मुळांमधून एका झाडाकडून दुसऱ्याकडे पसरते. गुलमोहर, बाभूळ आणि शिसव यांना तिच्यामुळे होणारी मूळकूज परिचित आहे. असा बुंधा जिवंत झाडांच्या रांगेत ठेवू नये. तो मुळांसकट खणून काढणे आणि त्या जागी लगेच तीच जात पुन्हा न लावणे हेच श्रेयस्कर. तेथे पतंगासाठी सूट मागण्याचा माझा हेतू नाही.

परंतु लाकडावर वाढणाऱ्या बहुसंख्य बुरशी जिवंत झाडाला त्रास देत नाहीत. वाऱ्याने मोडलेल्या आंब्याच्या फांदीवर पंख्याच्या आकाराची, लहान, करड्या पांढऱ्या केसाळ पाठीची जी अळिंबी दाटीने येते, ती स्किझोफायलम. तिच्या खालच्या बाजूच्या पापुद्र्यांच्या कडा उभ्या चिरलेल्या असतात. उन्हात त्या आत वळून मिटतात आणि पहिला पाऊस पडताच पुन्हा उघडतात. त्याच लाकडावर कानासारखी लवचिक तपकिरी अळिंबी आणि रंगीत वलयांची पातळ ट्रॅमेटीसही येते. जमिनीवर पडलेल्या फांद्यांवरील या अळिंब्यांमुळे आपल्या उभ्या आंब्याला काळजीचे कारण नाही. म्हणून भेद असा करावा : बुंध्याशी, जिवंत झाडाच्या मुळांवर आलेली अळिंबी वेगळी आणि तुटून पडलेल्या फांदीवरची वेगळी. पहिलीबाबत झाडांच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, दुसरी निर्धास्तपणे राहू द्यावी.

आंबराई

हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता, स्पष्टीकरणाबद्दल आभार. आमच्या माळ्याला समजावून सांगते.

कान्हकाठ

या पतंगांना प्रत्यक्ष पाहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांना घरी वाढवणे. रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांत ते असतात, पण मोठ्या पतंगांच्या गर्दीत नजरेतून सुटतात, आणि दिव्यावर सापडलेला पतंग कोणत्या अळिंबीतून आला हे कळत नाही. घरी वाढवलेल्या पतंगाचे खाद्य मात्र आपल्याला निश्चित ठाऊक असते. माझ्या मते नोंदीचे खरे मोल त्यातच आहे.

अळिंबीचा तुकडा थोड्या लाकडासकट कापून घ्यावा. सगळी अळिंबी काढू नये, अर्ध्याहून अधिक जागच्या जागी ठेवावी. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तळाशी किंचित ओलसर वाळू घालून तुकडा त्यावर ठेवावा आणि तोंडाला मलमल बांधावी. घट्ट झाकण लावल्यास आत हिरवी बुरशी माजते आणि अळ्या मरतात. उलट, बरणी कोरडी पडली तरी त्या वाचत नाहीत. चार-सहा दिवसांनी मलमलीवर पाण्याचे थोडे थेंब शिंपडणे पुरते. बरणी सावलीत ठेवावी आणि मग संयम धरावा. अळ्या पोसण्यास अनेक आठवडे लागू शकतात आणि हिवाळ्यात आणलेल्या तुकड्यातून पतंग उन्हाळ्याच्या तोंडाशीही बाहेर येतात.

बरणीत पतंगच येईल असे मात्र नाही. अळिंबीत सीड नावाचे २–३ मिलिमीटरचे भुंगेरे मोठ्या संख्येने असतात आणि बुरशीमाश्यांच्या अळ्याही असतात. माशीच्या अळीला पायच नसतात. भुंगेऱ्याच्या अळीला छातीवर तीन जोड्या पाय असतात, परंतु पोटाखाली मांसल खोटे पाय नसतात. पतंगाच्या अळीला दोन्ही असतात आणि खोट्या पायांच्या तळव्यावर सूक्ष्म आकड्यांचे कडे असते. साध्या भिंगाने खोटे पाय दिसतात, आकड्यांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

सगळ्यांत देखणी गोष्ट शेवटी घडते. या कुळातील कोशाच्या पाठीवर, पोटाच्या वलयांवर, काट्यांच्या आडव्या ओळी असतात. पतंग बाहेर पडण्याची वेळ आली की कोश त्या काट्यांच्या आधाराने वळवळत बोगद्याच्या तोंडापर्यंत सरकतो आणि निम्मा बाहेर येऊन थांबतो. मग त्याची पाठ उकलते. पतंग निघून गेल्यावरही ते रिकामे कवच छिद्रातून डोकावत राहते. बागेतील अळिंबीवर असे कवच दिसले, तर पतंग न पाहताही तो तेथे वाढला हे खात्रीने सांगता येते. त्याचे छायाचित्र जरूर घ्यावे.

शेवंती

कान्हकाठ, आपण लिहिल्याप्रमाणे पडलेल्या आंब्याच्या फांदीवर शोध घेतला आणि असे एक कवच मिळाले. छायाचित्र टाकले आहे. फांदीवर पंख्यासारखी करडी अळिंबी आहे. ही कोणती जात असेल?

निशापतंग

शेवंतीताई, छायाचित्र फारच सुरेख आले आहे. पाठीवरील काट्यांच्या ओळीसुद्धा दिसतात, त्यामुळे कुळाविषयी शंका राहिली नाही. जातीचे नाव मात्र छायाचित्रावरून देणे मला रास्त वाटत नाही आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

भारतातील लहान पतंगांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, ते एडवर्ड मेरिक इंग्लंडमधील मार्लबरो येथे शाळाशिक्षक होते. त्यांनी जगभरातील चौदा हजारांहून अधिक जातींना नावे दिली. भारतातून त्यांना नमुने पाठवणाऱ्यांत बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ टी. बेनब्रिग फ्लेचर प्रमुख होते. फ्लेचरांनी भारतीय लहान पतंगांच्या अळ्या, कोश आणि खाद्य यांच्या नोंदी गोळा करून १९२० च्या सुमारास त्या प्रसिद्ध केल्या आणि आजही त्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. मेरिक यांची वर्णने मुख्यतः पंखांचा रंग आणि शिरांची मांडणी यांवर आधारलेली आणि अत्यंत त्रोटक असत. पुढे असे लक्षात आले की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरूनच वेगळ्या करता येतात. मेरिक यांचे मूळ नमुने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत आणि नव्या नमुन्याचे नाव पक्के करायचे तर त्यांच्याशी तुलना करावी लागते. त्याच संग्रहालयातील गेडन रॉबिन्सन यांनी टिनिइडी कुळाचा दीर्घकाळ अभ्यास करून त्याची बरीच घडी बसवली.

युरोपातील स्थिती याच्या अगदी उलट आहे. तेथील नेमॅपोगॉन ग्रॅनेला या पतंगाला लिनियसने १७५८ सालीच नाव दिले. त्याची अळी रानात लाकडावरील अळिंबीत वाढते, पण साठवलेले धान्य, वाळवलेली अळिंबी आणि मद्याच्या तळघरांतील बाटल्यांची बुचेही पोखरते. पैशाचे नुकसान होऊ लागले की कीटकाचा अभ्यास लवकर होतो. पॅरास्कोटिया फ्युलिजिनॅरिया हा तिकडचाच काळसर, नक्षीदार पतंग वेगळ्या कुळातला आणि आकाराने मोठा, परंतु त्याचीही अळी कुजक्या लाकडावरील अळिंबी खाते आणि रेशमी झोळी विणून तिच्यात कोश करते. त्याला १७६१ मध्ये नाव मिळाले. आपल्याकडील अळिंबीतले पतंग कोणाचे नुकसान करीत नाहीत, म्हणून ते मागे राहिले आहेत. मला ही उपेक्षा बोचते.

माळवेकर

एक स्थानिक संदर्भ जोडतो. कुजण्याच्या प्रक्रियेचा जगातील एक मोठा अभ्यास आपल्या इंदुरात झाला आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत काम केले आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातील काडीकचरा, शेण, माती व राख यांच्या थरांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. ती आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. काडीकचऱ्याचे खत होण्यात बुरशीचा वाटा किती मोठा आहे, हे तो ढीग उघडून पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत सातत्याने अग्रभागी राहिले, याचा मला अभिमान आहे. परंतु बागेतील पडलेला ओंडका आणि रस्त्यावरचा प्लास्टिकचा कचरा यांना एकच न्याय लावला जातो, ते मात्र मला पटत नाही. ओंडक्याला वास येत नाही, त्यावर डास होत नाहीत आणि त्याची काही वर्षांत उत्तम माती होऊन जाते.

आंबराई

काका, आमच्या वसाहतीच्या बैठकीत मी हा विषय मांडला. कुंपणालगत, घरांपासून दूर, चिंचेच्या सावलीत चार ओंडके ठेवण्यास मान्यता मिळाली. वाळवीची भीती काही जणांनी व्यक्त केली. त्यांना काय सांगावे?

माळवेकर

वाळवी येईल हे मान्यच करावे. तिचाही कुजण्यात वाटा आहे. इमारतीच्या भिंतीपासून अंतर ठेवले, ओंडके भिंतीला टेकवले नाहीत आणि घराच्या पायथ्याशी लाकूडसामान रचून ठेवले नाही, तर चिंता नसावी. ओंडक्यांवर डांबर, रंग किंवा कीटकनाशक लावू नये, नाहीतर ते ठेवण्याचा उपयोगच उरत नाही.

निशापतंग

आंबराईताई, ही फार चांगली बातमी आहे. ओंडके निवडता येणार असतील, तर बारीक फांद्यांपेक्षा मांडीएवढे जाड घ्यावेत, कारण जाड लाकूड ओलावा अधिक काळ धरून ठेवते आणि माळव्याच्या उन्हाळ्यात तोच महत्त्वाचा ठरतो. साल काढू नये. ओंडका जमिनीला पूर्ण टेकलेला असावा, विटांवर उचलून ठेवू नये. आंबा, चिंच आणि जांभूळ चालतील. सागाचे गाभ्याचे लाकूड कुजण्यास फार वर्षे लागतात, त्यामुळे ते टाळावे. पहिल्या पावसाळ्यात बहुधा फक्त बुरशीच दिसेल, पतंगांसाठी थांबावे लागते.

कान्हकाठ

नोंदी ठेवणाऱ्यांसाठी एक विनंती. प्रत्येक बरणीवर झाडाचे नाव, अळिंबीचे वरून व खालून घेतलेले छायाचित्र, तुकडा आणल्याची तारीख आणि पतंग निघाल्याची तारीख, एवढे लिहावे. पतंगाचे छायाचित्र वरून तर घ्यावेच, पण बाजूनेही घ्यावे. या कुळात ओठांच्या मिशांवर (तोंडापुढील सांधेदार अवयवांवर) बाजूला उभे राहिलेले राठ केस असतात आणि ते वरून दिसत नाहीत. पतंग बरणीतच मेला, तर तो फेकू नये. कागदाच्या लहान घडीत ठेवून वर तारीख लिहावी. पुढे कोणा अभ्यासकाने मागितला, तर त्यावरूनच जात ठरेल.

शेवंती

माझ्या फांदीचा एक तुकडा बरणीत ठेवला आहे. त्यावर नवा भुगा दिसू लागला असून त्यात रेशीम आहे. खोटे पाय पाहण्यासाठी अळी बाहेर काढावी की राहू द्यावी?

कान्हकाठ

राहू द्यावी, ताई. बोगदा उघडला तर अळीला तो नव्याने विणावा लागतो आणि तोवर ती कोरडी पडते. रेशीम दिसते आहे, तेवढा पुरावा सध्या पुरेसा आहे.